किरणचं कडं

बोलावणं किरणला आलं, पण दचकली ती शुभदा.

दुपारचं जेवण चाललं होतं. जहाजाच्या वरच्या मजल्यावरच्या भोजनगृहात टूर कंपनीने कऱ्हाडच्या मंडळींसाठी खिडकीकडची टेबलं धरून ठेवली होती, आणि एवढ्या अथांग समुद्राकडे पाठ करून मंडळी आमटी फार पातळ झालीय यावर एकमत करत होती. तेवढ्यात टूर मॅनेजर केदार दळवी आला. एरवी हा पोरगा लांबूनच हाका मारत यायचा. आज अगदी जवळ येऊन वाकला. त्याच्यामागे पांढऱ्या गणवेशातली नर्स होती आणि दोघांच्या तोंडावर अगदी सारखं हसू होतं, एकाच दुकानातून आणल्यासारखं.

"तारळेकर काका, जरा खाली दवाखान्यात येता का? रूटीन चेकिंग आहे. सावकाश जेवून या, घाई काही नाही."

शुभदाने जन्मभर बालवाडी चालवली होती. सुई टोचायच्या आधी मोठी माणसं मुलांकडे बघून कशी हसतात, ते तिला पक्कं माहीत होतं.

"माझं चेकिंग? मला काय धाड भरलीय?" किरण म्हणाला. तरी त्याने हात पुसले आणि खुर्ची मागे सरकवली. त्याचा हात आपोआप छातीकडे गेला, जिथे दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवला होता.

शुभदा मात्र स्वतःच्या डाव्या मनगटाकडे बघत होती. बांगड्यांच्या मागे एक राखाडी रंगाचं, बोटभर रुंदीचं कडं होतं. त्याच्या आतल्या बाजूला, कातडीला चिकटून, किरणचं नाव कोरलेलं होतं. म्हणजे धोक्याची सूचना दिली होती ती या कड्याने. ते तिच्या हातात होतं. तिने हातातला घास ताटात परत ठेवला.

कड्याची गोष्ट सांगायला हवी. हृदयविकाराचा झटका अचानक येतो असं आपण म्हणतो, पण तो अचानक येत नाही, आपल्याला कळतो मात्र अचानक. धमनीच्या आतून वर्षानुवर्षं चरबीचा थर साचत जातो आणि त्यावर दुधावर साय धरावी तसं पातळ आवरण असतं. झटक्याच्या कितीतरी तास आधी, कधी कधी दिवसभर आधी, त्या आवरणाला केसाएवढी चीर पडते. माणूस तेव्हा मजेत चहा पीत असतो. पण त्या चिरेतून प्रथिनांचे बारीक बारीक तुकडे रक्तात सुटलेले असतात, आणि नाडीची लाटही किंचित बदललेली असते. कड्याच्या आत डोळ्यांना न दिसणाऱ्या सुया होत्या. त्या कातडीखालच्या द्रावातले हे तुकडे हुडकायच्या. लाखो रुग्णांच्या नोंदी पचवलेलं यंत्र त्यावरून सांगायचं की या माणसाला आज ना उद्या झटका येणार. आणि ते सहसा चुकायचं नाही.

प्रत्येकाचं हृदय वेगळं चालतं, त्यामुळे कड्याला आधी आपला माणूस ओळखावा लागे. प्रवासाच्या आधीचा एक आठवडा ते घरीच हातात घालून वावरायचं. तेवढ्यात ते नाडी अशी काही पाठ करायचं की पुढे दुसऱ्या कुणी घातलं तर लगेच बोंब ठोकायचं. आईला जिन्यावरच्या पावलांवरून आपलं पोर कळतं, त्यातलाच हा प्रकार.

प्रवास विमा कंपन्यांनी हे कडं डोक्यावर घेतलं त्याला कारण होतं. भर समुद्रात माणूस कोसळला की जहाज वळवायचं, हेलिकॉप्टर मागवायचं, आणि एवढं करून पुष्कळदा हाती काही लागत नसे. त्यापेक्षा कोसळायच्या आधीच त्याला उचलून किनाऱ्यावर पोचवणं स्वस्त, आणि माणूसही वाचतो. म्हणून नियमच झाला की कडं नाही तर विमा नाही, आणि विमा नाही तर जहाजावर पाऊल नाही. धोका दिसला की कडं लाल सूचना धाडायचं, यालाच कडं लाल होणं म्हणत; पण खुद्द माणसाला ते काही सांगत नसे. कारण भीतीने रक्तदाब चढतो आणि चीर रुंदावते. ते सांगायचं फक्त जहाजाच्या डॉक्टरला आणि कंपनीच्या नियंत्रण कक्षाला. तिथे माणूस नव्हता, एक यंत्राचा आवाज होता. इतका मऊ आणि इतका गोड, की टूरमधल्या मंडळींनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव गोडबोले वहिनी ठेवलं.

आता राहिला प्रश्न किरणचं कडं शुभदाच्या हातात कसं गेलं याचा.

ती किरणची अक्कल. तो वीज मंडळात उपकेंद्राचा अभियंता होता, आणि निवृत्त झाला तरी मंडळ त्याच्या डोक्यातून निवृत्त झालं नव्हतं. स्टेंट झालेल्या माणसाला कंपनी अगदी थोडी सूट देते आणि कड्याने मोजलेला त्याचा धोक्याचा आकडा जरा वर गेला की विमा नाकारते, हे त्याने नियम वाचून शोधून काढलं. ज्याला कधीच काही झालेलं नाही, त्याचा आकडा जरा चढा असला तरी खपून जातो, हेही त्याने शोधून काढलं. लग्नाला पस्तीस वर्षं झाली म्हणून लेकीने, ऋजुताने, हौसेने तिकिटं काढलेली. कड्यांची दोन खोकी टेबलावर आली, तेव्हा किरणने पेन्सिलीने वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर दोन रेघा मारून बायकोला समजावलं होतं.

"साधं आहे गं. माझ्या फीडरवर, म्हणजे माझ्या लाइनवर, आधीच लोड दिसतोय. तुझा फीडर मोकळा. माझा लोड तुझ्या नावावर टाकायचा आणि तुझा माझ्या. दोन्ही लाइनी चालू राहतात. आम्ही मंडळात जन्मभर दुसरं काय केलं?"

"आणि तिकडे काही झालं म्हणजे?"

"झालंच तर मला होईल ना? माझ्या हातात तुझ्या नावाचं कडं. ते लाल झालं की लोक तुला बोलवायला येतील. आपण जाऊन सांगायचं, बाबांनो, ही नाही, मी. फार तर शिव्या घालतील. भर समुद्रात खाली तर नाही ना उतरवणार?"

उलटं काही होईल हे त्याच्या मनात आलं नाही. खरं तर तिच्याही आलं नाही. त्या घरात आजारपण हे किरणचं खातं होतं. शुभदाचं काम गोळ्यांच्या वेळा सांभाळायचं. तिने मुकाट्याने नवऱ्याचं कडं आपल्या हातात चढवलं आणि पुढचा आठवडा ते तिची नाडी पाठ करत राहिलं.

दवाखान्याकडे निघालेल्या तिघांमागे लिफ्टचं दार बंद झालं. नर्स पुढे तोंड करून उभी होती. किरणने शुभदाकडे पाहिलं, मग तिच्या मनगटाकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं रक्त खाली उतरताना तिला दिसलं. इतका वेळ बिचारा स्वतःसाठीच घाबरला होता.

दवाखान्याच्या बाहेर नर्स आत वर्दी द्यायला गेली, तेवढ्यात त्याने तिला भिंतीकडे ओढलं.

"शुभा, तुला काही होतंय?"

"नाही हो."

"खरं सांग."

"सकाळपासून जबडा जरा दुखतोय. आणि जिना चढताना दम लागला. मला वाटलं, इथली उशी फार उंच आहे म्हणून."  सकाळपासून उशीवर ढकललेली ती साधी दुखणी आता एकेक करून पुढे येऊन उभी राहत होती. घाबरायचं नाही, ती स्वतःला म्हणाली. घाबरलं की चीर रुंदावते. आणि हे म्हटल्याबरोबर ती आणखी घाबरली.

"ऐक," किरणने तिचा दंड घट्ट धरला. त्याचा हात गार होता. "आपण आत काही बोलायचं नाही. हेलिकॉप्टर माझ्या नावाने येईल. आजाऱ्याबरोबर घरचं एक माणूस नेतातच. तू माझ्यासोबत म्हणून चढायचं. किनाऱ्यावर दवाखान्यात पाय ठेवला की पहिलं वाक्य मी हेच बोलणार, की मला सोडा, हिला बघा. आत्ता बोललो तर विमा रद्द, आणि विमा रद्द म्हणजे हेलिकॉप्टरच नाही. कळलं?"

"कळलं." तिला खरंच कळलं. एवढ्या घाईत त्याने सगळा हिशेब मांडला, याचं तिला बरंही वाटलं आणि रडूही आलं.

डॉक्टर नाझिया पटवेकर चिपळूणच्या. वयाने ऋजुताएवढ्याच असतील. टेबलावर त्यांनी सिरिंज तयार ठेवली होती. वरच्या कोपऱ्यातल्या स्पीकरमधून गोडबोले वहिनी म्हणत होत्या, "प्रवासी किरण तारळेकर. हेलिकॉप्टर मंजूर झालं असून गोव्याहून निघालं आहे. कृपया इंजेक्शन दिल्याचं कळवा."

"बसा काका. काकू, तुम्ही पण बसा." डॉक्टरांचा आवाज शांत होता. "तुम्हाला फसवून इथे आणलं त्याबद्दल माफ करा. कड्याने सांगितलंय की एका धमनीला बारीक चीर पडली आहे. आत्ता ईसीजीत काही दिसणार नाही, म्हणून तो काढत बसत नाही. अजून झटका आलेला नाही, हे आपलं नशीब. हे इंजेक्शन ती चीर काही तास धरून ठेवतं. तेवढ्यात तुम्ही किनाऱ्यावर पोचाल. मग छोटंसं ऑपरेशन, आणि आठवड्यात घरी."

"द्या," किरण म्हणाला आणि बाही वर करायला लागला.

"एक सांगते. औषध जहाल आहे. ज्याच्या धमनीत चीर आहे त्याला ते तारतं. चीर नसलेल्या माणसाला चुकून दिलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून कडं लाल झाल्याशिवाय आम्ही त्याला हातही लावत नाही. तुमचं झालंय, त्यामुळे काळजी नाही."

किरणची बोटं बाहीवर क्षणभर थांबली. मग त्याने ती आणखी वर सारली. "काळजी नाहीच," तो म्हणाला. "द्या तुम्ही."

शुभदाला कळेना, हा माणूस वेडा झालाय की काय. तो तिच्याकडे बघतच नव्हता, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता. लग्न झाल्यापासून तिने याला सुईच्या नावाने घर डोक्यावर घेताना पाहिलं होतं. साधी धनुर्वाताची सुई घ्यायची तर हा अर्धा दिवस कुरकुरायचा. आणि आता तो हात पुढे करून बसला होता. ती उठणार, तोंड उघडणार, एवढ्यात डॉक्टर म्हणाल्या, "काकू, तुम्हाला मात्र इथेच थांबावं लागेल."

"म्हणजे?" किरण.

"आपण किनाऱ्यापासून खूप आत आहोत, काका. हेलिकॉप्टर इथवर येऊन जेमतेम परत जाईल एवढंच त्याचं इंधन. वजन वाढवता येत नाही. पेशंट एकटाच जाणार. काकूंना पुढच्या बंदरावरून आम्ही विमानाने पाठवू. विम्यात बसतं ते."

 कुठेतरी खाली जहाजाचं यंत्र घरघरत होतं. शुभदाला आता आपली नाडी कानात ऐकू येत होती. तिने किरणकडे पाहिलं. बोलेल का हा? की अजून काही जोडाजोड करत बसेल, आणि तेवढ्यात ती सुई आत जाईल? या माणसाने आयुष्यात कधी कुणापुढे चूक कबूल केली नव्हती. गावाचे दिवे गेले तरी हा फोनवर सांगायचा, की आमच्याकडून सगळं ठीक आहे. ती वाट बघत राहिली, आणि त्या वाट बघण्याइतकी भीती तिला आजवर कधी वाटली नव्हती.

किरणने बाही खाली ओढली. कोपऱ्यातल्या स्पीकरकडे बोट केलं आणि तो बंद करा अशी खूण केली. डॉक्टरांनी गोंधळून बटण दाबलं.

"डॉक्टर, फॉल्ट चुकीच्या लाइनवर दिसतोय," तो म्हणाला. "माझ्या नाही, हिच्या. आम्ही कडी बदलली. मी बदलली. ही नको म्हणत होती."

तशी ती नको म्हणाली नव्हती. पण तिने ते दुरुस्त केलं नाही.

डॉक्टर पटवेकरांनी शुभदाचा हात ओढून बांगड्या वर केल्या. कडं बघितलं. मग कपाटातून एक जुनाट यंत्र काढलं, तिच्या बोटाला टोचून थेंब घेतला आणि त्या पडद्याकडे बघत उभ्या राहिल्या. त्यांच्या कपाळावरची शीर उडत होती.

"आहे," त्या म्हणाल्या. "तुमचीच आहे, काकू." आणि मग इतका वेळ आवरून धरलेला राग बाहेर पडला. "काय समजता काय तुम्ही लोक? शिकलेली माणसं ना? मी यांना टोचणार होते! माझ्या हाताने मारणार होते मी यांना!"

"चुकलं," किरण म्हणाला. "आता काय करायचं ते सांगा."

"काय करायचं? हे मी कंपनीला कळवलं तर दोघांचाही विमा त्या क्षणी रद्द. हेलिकॉप्टर निम्म्या वाटेवर असेल, ते तिथूनच माघारी फिरेल. इंजेक्शन मी देईन, पण ते काही तासच टिकतं. तेवढ्यात हे जहाज कुठल्याही बंदराला लागत नाही."

"आणि नाही कळवलं तर?" शुभदाने विचारलं. आपला आवाज इतका साधा कसा निघाला याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

डॉक्टर खिडकीशी गेल्या. बाहेर ऊन इतकं लख्ख होतं की समुद्राकडे बघवत नव्हतं. जरा वेळाने त्या वळल्या, सिरिंज उचलली आणि स्पीकरचं बटण चालू केलं.

"इंजेक्शन देत आहे," त्या स्पष्ट म्हणाल्या. "रुग्ण, किरण तारळेकर." आणि सुई शुभदाच्या दंडात गेली.

"धन्यवाद, डॉक्टर," गोडबोले वहिनी म्हणाल्या.

बटण पुन्हा बंद झालं. "उद्या माझी नोकरी गेली तर चिपळूणला येऊन दवाखान्याचं दुकान टाकायला मदत करा," डॉक्टर रिकामी सिरिंज खाली ठेवत म्हणाल्या. "हेलिकॉप्टरवाले कडं तपासतात, माणूस तपासत नाहीत. किरण नाव बायकांचंही असतं. तुम्ही गप्प राहायचं. दवाखान्यात टेबलावर पडेपर्यंत तुम्ही किरण. काका, आणि तुम्ही शुभदा. निदान कंपनीच्या लेखी."

"मला साडी नेसायला नका सांगू म्हणजे झालं," किरण म्हणाला. त्यावर तिघंही हसली. हसताना शुभदाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते थांबेचना.

हेलिकॉप्टर उतरायच्या जागेवर उन्हाचा नुसता वणवा होता. नर्सने शुभदाच्या बांगड्या काढायला लावल्या. त्या कुठे ठेवायच्या म्हणून किरणने हात पुढे केला. त्याच्या जाड मनगटात त्या जाईनात, तशा त्याने त्या खिशात घातल्या. खिसा किणकिणला. स्ट्रेचरवर पट्टे आवळेपर्यंत तो तिच्याशेजारी चालत राहिला. पिवळी रेघ आली. तिच्या पुढे जायला मनाई होती.

"ऋजुताला मी फोन करतो. ती पहिल्या विमानाने गोव्याला येईल," तो म्हणाला. पंख्याच्या घोंघाटात त्याला ओरडावं लागत होतं. "गोळ्या कुठल्या डब्यात आहेत?"

"हिरव्या. रात्रीची आहे ती आठवणीने घ्या." मग तिला त्याच्या कपाळावर घाम दिसला. तो डाव्या हाताचा दंड उजव्या हाताने चोळत होता. "काय होतंय तुम्हाला?"

"ऊन आहे नुसतं. आणि तुझ्या स्ट्रेचरला हात लावला ना मघाशी, जड आहे जरा." तो हसला. तेच हसू, एकाच दुकानातलं. पण तिला ते त्या क्षणी ओळखता आलं नाही. नवऱ्याच्या तोंडावर तिने ते आजवर कधी पाहिलंच नव्हतं.

तिला निरोप घ्यायचा होता. काय बोलावं सुचेना. शेवटी पस्तीस वर्षं बालवाडीला निघताना दारातून जे म्हणायची तेच तोंडातून निघालं. "येते हं."

"ये," तो म्हणाला.

वर गेल्यावर जहाज बघता बघता काडेपेटीएवढं झालं. तिच्यासोबतचा वैद्यकीय मदतनीस नाईक म्हणून होता, डिचोलीचा, तरुण आणि चांगला मऊ बोलणारा. त्याने तिच्या हातात सलाइन लावलं, कड्यावर यंत्र टेकवलं, हिरवी खूण उमटली. "किरण तारळेकर. झालं. आता तुम्ही निवांत पडा, मावशी." ती पडून राहिली. जबड्याची कळ थांबली होती. वाचलो आपण, तिला वाटलं. पहिल्यांदाच तिने पोटभर श्वास घेतला.

तेवढ्यात छतातल्या स्पीकरमधून गोडबोले वहिनी बोलल्या.

"जहाजावरून आणखी एक लाल सूचना मिळाली आहे. प्रवासी शुभदा तारळेकर. हृदयविकाराचा पूर्वेतिहास नाही. सूचना चुकीची असण्याची शक्यता गृहीत धरून प्रवाशाला निरीक्षणाखाली ठेवण्यात येत आहे. दुसरं हेलिकॉप्टर नामंजूर."

शुभदाच्या डोळ्यांसमोर पिवळ्या रेघेपाशी उभा किरण आला. तो दंड चोळत होता. तो हसत होता.

"तारळेकर?" नाईक म्हणाला. "तुमच्याच घरातल्या का कोण?"

"नामंजूर का केलं?" तिने विचारलं.

"तब्येत चांगली असलेल्या माणसाचं कडं कधीमधी खोटं लाल होतं, मावशी. आपलं माणूस आजारी पडलेलं बघून घाबरतात ना. म्हणून थोडं थांबून बघतात."

"आणि त्या माणसाला आधी स्टेंट बसवलेला असता तर?"

"तर मग दुसरं हेलिकॉप्टर एव्हाना उडालं असतं."

मोकळा फीडर. तिचं निरोगी, कोरं नाव त्याने पांघरलं होतं, आणि तेच नाव आता त्याला खाली धरून बसलं होतं. डॉक्टर पटवेकर तिकडे जीव तोडून सांगत असतील. पण त्या तरी काय सांगणार? किरण तारळेकरला त्यांनी स्वतःच हेलिकॉप्टरमध्ये चढवलं होतं. आणि किरण? तो सांगेल का? नाही सांगणार. ती किनाऱ्यावर टेबलावर पडेपर्यंत तो ओठ घट्ट मिटून घेईल. हे हेलिकॉप्टर आपल्या एका शब्दाने माघारी फिरू शकतं हे त्याला माहीत होतं. सुईपुढे बाही वर करणारा माणूस तो.

मग आता तिनेच बोलायला हवं. फिरवू देत हेलिकॉप्टर, तिला वाटलं, फिरवून न्या मला परत त्याच्याकडे.

"नाईक," ती म्हणाली, "शुभदा तारळेकर मी आहे. खाली आहेत ते माझे मिस्टर. किरण. स्टेंट त्यांना बसवलाय. आम्ही कडी बदलली होती. कंपनीला सांगा, लगेच दुसरं हेलिकॉप्टर पाठवा म्हणावं. विमा रद्द करा हवं तर. सांगा हो त्यांना!"

नाईक तिच्याकडे बघतच राहिला. त्याने माइक तिच्या तोंडाशी धरला. ती पुन्हा सगळं बोलली, नाव, गाव, लेकीचं नाव, स्टेंट कुठल्या साली बसवला ते. बोलताना तिला धाप लागली.

"आपलं म्हणणं ऐकलं आहे," गोडबोले वहिनी म्हणाल्या. "कृपया थांबा. ओळख पडताळत आहोत."

मनगटाला कडं हलकेच टोचलं. सुयांनी तिच्या कातडीखालचा द्राव चाखला, नाडीची लाट मोजली. एक आठवडाभर कऱ्हाडच्या घरात, स्वयंपाक करताना, झोपताना, तुळशीला पाणी घालताना जी पाठ केली होती, तीच ही नाडी.

"ओळख पटली," आवाज म्हणाला. तो अगदी मायेने बोलत होता. "आपण किरण तारळेकर आहात. आजारपणात भीतीने मनाचा असा गोंधळ होऊ शकतो. काळजी करू नका. मदतनीस, रुग्णाचा रक्तदाब वाढत आहे. कृपया झोपेचं औषध द्यावं."

"नको!" शुभदा ओरडली. "अहो, माझ्याकडे बघा! मी शुभदा आहे!"

नाईकने तिच्याकडे बघितलं, मग पडद्याकडे बघितलं. पडद्यावर हिरवी खूण होती आणि खाली तिचा चढत जाणारा रक्तदाब होता. या मावशी आपल्या हातात गेल्या तर, हा विचार त्याच्या तोंडावर सरळ वाचता येत होता. "जरा झोप लागेल हां, मावशी," तो म्हणाला आणि त्याने सलाइनच्या नळीत औषध सोडलं. "किनाऱ्यावर पोचलो की तुमचं सगळं ऐकू."

तिने कडं ओरबाडायला हात उचलला, पण हात पट्ट्याखाली होता. डोळ्यांवर झापड येऊ लागली. ती पुटपुटत राहिली, शुभदा, शुभदा, आपलंच नाव, कुणी परक्याला हाक मारावी तसं. झोप पुरती लागायच्या आधी तिला वरून तो गोड आवाज पुन्हा ऐकू आला.

"रुग्ण किरण तारळेकर यांची प्रकृती स्थिर आहे," गोडबोले वहिनी म्हणाल्या. "जहाजावरील प्रवासी शुभदा तारळेकर यांच्याकडून प्रतिसाद नाही."